दोनवर झोपायचं, चारवर उठायचं

कौसा मशिनीवरचा आकडा आधी कधी बघत नव्हती. आधी टाकीचा नळ सोडायची, बाही वर सारायची आणि धारेखाली कोपर धरायची. बोटं का नाही, असं मी विचारलं होतं. म्हणाली, "बोटं सोड्यानं मेलीत. कोपराला अजून कळतंय." मग आकडा बघायची आणि मान हलवायची, जणू मशिनीनंच तिचं ऐकून बरोबर उत्तर दिलंय.

कौसाबाई माझी बायको. लातूरजवळच्या मुरुडच्या दूध शीतकरण केंद्रात ती सोड्याच्या पाण्यानं कॅन धुवायची आणि मी मशीन चालवायचो. म्हणजे कागदावर मी चालवायचो.

जुन्या मशिनीला कान पिळायची चावी होती, ती मला जमायची. मग नवीन चिलर आला. तो पाणी गार करतो आणि त्या पाण्यानं दूध गार होतं, एवढं माझ्या डोक्यात शिरलं. पण त्याला चावी नव्हती. एक काळी पाटी, चार बटणं आणि लाल आकडे. पुण्याचा इंजिनिअर आला, अर्ध्या तासात भराभर इंग्रजी बोलला आणि म्हणाला, "समजलं का काका?" मी म्हणालो, समजलं. काय समजलं होतं, माझं कपाळ! मागं कौसा कॅन घासत बसली होती. तिनं त्याचं बोलणं ऐकलं नाही, त्याची बोटं बघितली.

दुसऱ्या दिवशी तिनं आपल्या पाकिटातल्या टिकल्या आणून बटणांवर चिकटवल्या. सेटच्या बटणाला मोठी लाल. आकडा उतरवायला हिरवी, चढवायला पिवळी. चौथ्याला काळी. "लाल दाबून धरायची, पाच मोजायचे. आकडा डोळे मिचकावायला लागला की हिरवीनं दोनवर आणायचा. परत लाल. मग फरक इचारतो, तिथं बी दोन. काळीला हात लावायचा न्हाई, ती दृष्टीची हाय असं समजा."

"आणि फरक म्हणजे काय?"

"ओ मास्तर, दोनवर झोपायचं, चारवर उठायचं. माणसासारखंच हाय ते. सारखं जागं ठेवलं तर मरंल."

मी तिसरी शिकलो म्हणून ती मला मास्तर म्हणायची. ती शाळेची पायरी चढली नव्हती. माहेर इस्लापूरचं, सहस्रकुंड धबधब्याजवळ. पाण्याचा आकडा कमीजास्त झाला की म्हणायची, "आमच्या तिकडलं पाणी कुणी सेट करत न्हाई, तरी गार असतंय."

माझ्या शिक्षणानं एकदा मोठा घोळ केला. उन्हाळ्याचे दिवस, दूध तापून आलेलं. मी पाटीकडं बघितलं तर एक. पाणी एकवर आलं, आता गोठणार, नळ्या फुटणार! घाबरून मी मशीन बंद केली. कौसानं येऊन कोपर धरलं आणि ओरडली, "हे एक हाय व्हय? गारवा उतरलाय की!" तो आकडा नऊ होता. इंग्रजी नऊ मला येतो, नोटेवर रोज बघतो. पण घाबरलो की माझ्या डोळ्यांना तिसरीतलाच एक दिसतो. दोघांचं तोंड सारखंच. कौसाला शाळेतला एक माहीतच नव्हता, त्यामुळं ती फसली नाही. आठ दिवस हसत होती. "बरं झालं मला बापानं शाळेत घातलं न्हाई." त्या दिवशीचं दूध तिच्यामुळं वाचलं. केंद्राच्या साहेबांनी शाबासकी मला दिली आणि मी ती घेतली.

मागच्या साली तिला ताप आला. सोडा लागून हाताला जखम झाली होती, ती चिघळली. मी म्हणालो, दवाखान्यात चल. ती म्हणाली, "कॅन कोण धुईल?" मीही जास्त ओढलं नाही. लातूरला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, जंतू रक्तात गेलेत. अंग एकशे चार. मी नर्सबाईला विचारलं, किती पाहिजे? म्हणाल्या, साडेअठ्ठ्याण्णव. मग मी तिच्या डोक्याशी लावलेल्या मशिनीकडं बघत बसलो. आकडा खाली आणायचं काम मी जन्मभर केलं होतं. इथं एकही बटण माझं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी साहेबांचा फोन. चिलरच्या पाटीमागचं कार्ड जळालंय, नवीन बसवलंय, पण त्यात आपले आकडे भरलेले नाहीत. "तू रोज करतोस, ये आणि सेट करून जा." कौसा म्हणाली, "जावा. गावाचं दूध हाय." मी गेलो. जायला नको होतं.

पाटीसमोर उभा राहिलो आणि सगळं विसरलो. दवाखान्यात आईजवळ बसलेल्या लेकीला, सुनीताला, फोन लावला. तिनं तो आईच्या कानाशी धरला.

"लाल धरली का?"

"धरली."

"पाच मोजा. मोठ्यानं मोजा, मला ऐकू आलं पायजे."

मी मोजले. साहेब बाजूलाच उभे होते. मशीन इतकी वर्षं कोण चालवतंय, ते त्यांना त्या दिवशी कळलं. मला लाज वाटली नाही.

"हिरवी. आलं का दोन? लई खाली ओढू नका. गोठलं की मग इलाज न्हाई." तिला धाप लागली होती. "कोपर लावून बघा."

"मला कोपराचं कळत नाही, कौसा."

"कळंल," म्हणाली.

मी लातूरला पोचलो तेव्हा ती बोलत नव्हती. डोळे मिटलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्याशी बघितलं. रोज तीन आकडे असायचे, एकानं सुरू होणारे. आज दोनच होते आणि पहिला नऊ. पंच्याण्णव. मी सुनीताला हलवून उठवलं. "उतरला गं ताप! जा, चहा आण." नर्सबाई आल्या, त्यांनी आकडा बघितला, तिच्या पायाला हात लावला आणि पळत डॉक्टरला आणायला गेल्या. मला काही समजेना. खाली आला म्हणजे चांगलंच की.

मी बाही वर केली आणि कोपर तिच्या पायाला लावलं. कळलं.

आयुष्यभर घाबरलो की मी नऊला एक म्हणायचो. त्या दिवशी मात्र नऊ बरोबर वाचला आणि आनंदानं वाचला. दुपारी ती गेली.

साहेबांनी मला अजून कामावर ठेवलंय. मशीन दोनवर झोपते, चारवर उठते. कॅन धुवायला दुसरी बाई आलीय, तिला मी हातमोजे घातल्याशिवाय सोड्याला हात लावू देत नाही. परवा पाण्याच्या शिंतोड्यांनी लाल टिकली निघून पडली. बटणावर डिंकाचा गोल तेवढा राहिलाय.

नवीन घ्यावी म्हणून बाजारात दुकानाशी गेलो. दुकानदार म्हणाला, "कोणती देऊ बाबा? कुणाला पायजे?"

 मी तसाच परत आलो.