शेवटचा झटका

आर्णीच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या सत्यशीला मुनेश्वर २००७ साली एका कणाच्या मागे लागल्या होत्या. पाण्यातला, डोळ्यांना न दिसणारा कण. तो प्रकाशाच्या चिमटीत धरून ठरल्या वेळात इथून तिथं न्यायचा, तर कमीत कमी ऊर्जा खर्चून कसा न्यावा? तसलं उपकरण जिल्ह्यात कुठंच नव्हतं, आणि असतं तरी बारा तासांच्या भारनियमनात चाललं नसतं. बाईंकडे कागद होता.

एकसारख्या वेगानं नेणंच उत्तम, असं त्याही धरून चालल्या होत्या. गणित म्हणालं, नाही. चिमटीला आधी एक झटका, मग संथ चाल आणि शेवटी पुन्हा तेवढाच झटका. तीन महिने बाईंनी स्वतःची चूक शोधली. सापडली नाही. पीएच.डी.च्या अमरावतीच्या गाइडनी शाबासकी दिली, वाचलं नसावं.

तेव्हा कापसाच्या संकटावर सरकारी मदतीची पॅकेजं आणि शिबिरं जोरात होती. एका अधिकाऱ्याच्या कानावर ‘ऊर्जा बचत’ एवढंच पडलं आणि त्यानं बाईंना फुलसावंगीच्या शेतकरी शिबिरात बोलायला बोलावलं. आपला विषय वेगळा आहे, हे त्यांनी दोनदा सांगितलं. पण पत्रिका छापून झाली होती.

मग बाईंनी आपलं गणितच सांगितलं. लोक चहाची वाट पाहत शांत बसले. फक्त तांड्यावरचे हरिसिंग राठोड उठले. पहिला झटका समजला, म्हणाले. चिखलातून गाडी काढताना बैलही तेच करतो. “पण शेवटचा कायले देता, ताई?”

हे आजवर कुणीच विचारलं नव्हतं. बाईंना बरं वाटलं.

“वेळ भरली की चिमटी जागेवर पोचली पाहिजे, एवढीच अट आहे,” त्या म्हणाल्या. “कण मागं राहिला तरी चालतो.”

“म्हंजे पॅकेजावानी,” म्हणत हरिसिंग खाली बसले.

अधिकाऱ्यानं लगेच आभार मानले. अहवालात ‘ऊर्जा बचत प्रशिक्षण, लाभार्थी एकशे चाळीस’ अशी नोंद झाली.

पुढं कळलं, बाईंचं उत्तर परदेशात कुणी आधीच छापलं होतं. मग त्यांनी अट बदलली: कणही वेळेवर पोचलाच पाहिजे. खर्च वाढला, गणित अवघड झालं, तीन वर्षं गेली, पण पीएच.डी. त्यावरच मिळाली. प्रबंधात त्यांनी हरिसिंगांचे आभार मानले. गाइडनी ते मात्र वाचलं, आणि त्या नावाआधी ‘डॉ.’ राहून गेलंय म्हणून स्वतःच्या हातानं घातलं.