जादाचा पाटा

कार्तिकी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी वडिलांच्या जीपच्या चारही चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बदलले. दुसऱ्या दिवशी सकाळी आईला त्या जीपमध्ये चढता आलं नाही.

जीप जुनी, फोर बाय फोर. गडमुडशिंगीतल्या आमच्या घरापासून मळ्यापर्यंतची वाट काळ्या रानातली; पावसाळ्यात तिथं दुसरी गाडी जात नाही. उसाचं वाडं आणि खताची पोती वाहून पाट्यांची कमान गेली होती, मागचा एक मधोमध तडकला होता. गाडी इतकी बसली होती, की रस्त्यातल्या प्रत्येक उंचवट्याला खालून घासायची.

महिन्यातून एकदा ती मळ्याऐवजी नृसिंहवाडीला जायची. दर पौर्णिमेला वाडीला जाऊन पादुकांपुढं नारळ ठेवायचा, हा आईचा नेम माझ्या लग्नाच्याही आधीपासूनचा. ती पुढं वडिलांशेजारी बसायची. सुट्टी मिळाली तर मी मागं.

पाटे बदलायचं चहाच्या टपरीवर ठरलं. वडील जीप उभी करून उतरले, तेव्हा बाकड्यावरचा एकजण म्हणाला, "आबा, म्हस गाभण हाय जनू. पोट टेकाय लागलंय की!"

सगळे हसले. वडिलांनी चहा अर्धा ठेवला.

उद्यमनगरातल्या मिस्त्रीनं गाडीखाली वाकून बघितलं आणि तिथूनच विचारलं, "पावणं, भरता काय गाडीत?"

"वाडं. कवातरी पोती," वडील म्हणाले.

"आन माणसं?"

"माणसं काय, आम्ही दोघं. मी आन ह्यो."

मिस्त्रीनं माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली.

माझं काम बातम्या तपासण्याचं आहे. अपघाताची बातमी आली, की गाडीत किती माणसं होती, हे मी वार्ताहराला दोनदा विचारतो.

"मग हरेक चाकाला एक पाटा जादा टाकूया की," मिस्त्री बाहेर येत म्हणाला. "शर्यतीच्या बैलागत उभी ऱ्हाईल. परत कोन नावं ठेवनार न्हाय."

वडिलांना तेच हवं होतं. खरं सांगायचं तर मलाही. आमच्या भागात उंच उभी असलेली जीप लोक वळून बघतात. जुने पाटे सुटले, नवे चढले, यू बोल्ट आवळले गेले. जॅक काढला तरी गाडी खाली आली नाही, असंच आधी वाटलं. सकाळपेक्षा ती चार-पाच इंच वर होती. चाकापुढं नारळ फोडून आम्ही निघालो.

परतताना वडिलांनी जीप मुद्दाम टपरीसमोर उभी केली. बाकड्यावरच्या त्याच माणसानं वरखाली बघितलं. "आबा, आता चढायला शिडी लागंल की!"

सगळे पुन्हा हसले. या वेळी वडीलही हसले. मीही.

सकाळी आई पिशवी घेऊन बाहेर आली. पिशवीत नारळ, उदबत्ती, डबा. तिनं दांडी धरली, डावा पाय वर ठेवला आणि तशीच थांबली. गुडघा अंग उचलेना.

"अगं, जोर कर की," वडील आतून म्हणाले.

"करतोय की जोर," आई म्हणाली.

मी घरातून प्लास्टिकचं स्टूल आणलं. ती त्यावर उभी राहिली, तेवढ्यात खडीवर स्टूल कललं. वडील धावत उतरून आले आणि त्यांनी तिला काखेत हात घालून उचललं. तिचा पदर खांद्यावरून सुटला. समोर नळावर चार-पाच बायका होत्या.

"आबा, नवरी उचलाय लागलाय व्हय?" शेजारीण ओरडली. तिच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं.

"खाली ठेवा मला," आई म्हणाली. "अवो, ठेवा की खाली. लोक बघत्यात."

तिनं पदर सारखा केला आणि पिशवी माझ्या हातात दिली. "एवढा नारळ ठेवा पादुकांम्होरं. मी घरातनं हात जोडतो." ती आत गेली. मी स्टूल उचललं आणि ते कुठं ठेवावं, हे मला थोडा वेळ कळेना. शरम वाटत होती आणि नळावरच्या बायका अजून तिथंच होत्या.

पुढची सीट रिकामी होती. तरी मी मागंच बसलो. पिशवी तिच्या जागेवर ठेवली होती. पाटे नवे आणि कडक, गाडी मोकळी; प्रत्येक खड्ड्याला नारळ उडत होता. शेवटी मी मागून हात घालून तो धरून ठेवला.

वाडीत नेहमीच्या फुलवालीनं विचारलं, "आई कुठं हाईत?"

"पाय दुखत्यात तिचं," वडील म्हणाले.

ते खरंही होतं. आईचा नारळ मी पादुकांपुढं ठेवला.

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा उद्यमनगरात गेलो. जादाचे पाटे काढायचे, असं ऐकल्यावर मिस्त्री कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "आबा, उभी केलेली गाडी बसवाय आलाय व्हय?"

"माणूस चढत न्हाय," वडील म्हणाले.

"कोन माणूस?"

वडिलांनी माझ्याकडं बघितलं.

"आई," मी म्हणालो.

"आन तवा दोघंच म्हनलासा की!"

मिस्त्रीनं पाना घेतला. काढलेले चार पाटे आम्ही जीपमध्ये मागं टाकून घरी आणले. ते अजून गोठ्याच्या भिंतीला टेकून आहेत.

त्यानंतरची पौर्णिमा दत्तजयंतीची होती. वडिलांनी जीप धुऊन दारात आणली. आई बाहेर आली, ती शेजारणीबरोबर.

"अगं, गाडी उतरवलीया आता. बघ तरी," वडील म्हणाले.

"बघितली की. पर बायकांचं ठरलंय. जादा एसट्या सोडल्यात, आन आम्हास्नी अर्धं तिकीट हाय."

त्या फाट्याकडं निघाल्या. वडील आणि मी मागोमाग चालत गेलो. फाट्यावर आईनं पिशवी खाली ठेवली. शेजारीण आत डोकावली.

"दोन नारळ कशाला गं?"

"एक मागच्या पुनवंचा माझ्या हातचा ऱ्हायलाय," आई म्हणाली.

एसटी आली. आई दांडी धरून चढली.