होळीआधी निघालेली माणसं

नाशकात इंदिरानगरच्या बांधकाम साइटवर मी इंजिनिअर म्हणून लागले तेव्हा आमचा प्रोजेक्ट मॅनेजर सगळ्यांच्याच डोक्यावर मिऱ्या वाटत होता. केबिनमध्ये खुर्ची एकच, त्याची. आम्ही उभे. बापाच्या वयाच्या मुकादमालाही ‘ए’ म्हणून हाक. ग्रुपवर त्याचा हुकूम आला की मिनिटाच्या आत ‘नोटेड सर’ लिहायचं. नाही लिहिलं तर भर साइटवर उद्धार. मला तो माणूस डोळ्यांसमोर नको व्हायचा. पण घाबरायचेही मी त्याला, कारण नोकरी अजून कायम व्हायची होती.

हॉलचा मोठा स्लॅब टाकून सात दिवस झाले होते. अशा स्लॅबखालचे टेकू चौदा दिवस हलवायचे नसतात. मेसेज आला, उद्या टेकू काढा, खालच्या सेंट्रिंगच्या प्लेटा वरच्या मजल्याला लागतायत. मी केबिनमध्ये जाऊन सांगितलं, सर, स्लॅब अजून कच्चा आहे. तर म्हणे, ‘इंजिनिअर तू की मी? मला शिकवू नकोस.’ तळपायाची आग मस्तकात गेली. आणि काय केलं मी? बाहेर येऊन ‘नोटेड सर’ लिहिलं.

टेकू काढायला खाली शिरणार होते मुकादमाचा मुलगा आणि सून. मुकादम सुरगाण्याकडचे, मी त्यांना मामा म्हणायचे. संध्याकाळी त्यांना गाठलं.

‘मामा, होळीला गावी कधी निघता?’

‘परवा. का ओ मॅडम?’

‘आजच निघा. सगळ्यांना घेऊन.’

मामांनी वर स्लॅबकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘साहेबानं इचारलं तर तुमचं नाव सांगू का?’

‘नको,’ मी म्हणाले. इतक्या पटकन, की माझी मलाच लाज वाटली.

‘बरं,’ मामा म्हणाले, आणि पोराला हाक मारायला वळले.

सकाळी साइट ओस. मॅनेजरने मजुरांच्या नाक्यावर माणूस पाठवला, पण होळीच्या तोंडावर सुरगाण्याकडची माणसं नाशकात थांबतात होय? स्लॅब तसाच राहिला. रंगपंचमी करून मामा परतले तेव्हा चौदा दिवस उलटून गेले होते.

मॅनेजरने त्यांना सगळ्यांसमोर उभं केलं. न सांगता पळालास, तुम्हा लोकांना सणच सुचतात, तुझं काम बंद! मामा म्हणाले, ‘माणसं ऐकली नाय साहेब. सण व्हता.’ बस, एवढंच. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर मी बोलले असते, असं पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगत होते. खोटं आहे ते. ‘तुला काही बोलला होता का हा?’ मॅनेजरने मला विचारलं. ‘नाही सर,’ मी म्हणाले.

दुपारी टेम्पोत भांडीकुंडी भरून मामा, मुलगा, सून निघून गेले. स्लॅबला काही झालं नाही. लवकर टेकू काढले असते तरी कदाचित झालं नसतं. ते आता कुणालाच कळायचं नाही.

महिन्याभरात माझी नोकरी कायम झाली. पत्र देताना मॅनेजर सगळ्यांदेखत म्हणाला, ‘हिच्याकडून शिका. एकदा सांगितलं की परत बोलत नाही.’

पंचवटीत घरी पेढे नेले. आईने देवापुढे ठेवले, आणि एक पुडा बाजूला काढला. ‘हा तुझ्या त्या मुकादम मामांना दे हं. पोरीसारखी माया करतात तुझ्यावर.’

ते आता आमच्याकडे नाहीत, एवढं मी तिला सांगितलं. का नाहीत, ते अजून सांगितलेलं नाही.