तुळसाक्काची कलगी

दर रविवारी सकाळी मी दोन तास बोलते. बिदरच्या मैलूर भागात एका घराच्या वरच्या मजल्यावर आमचं छोटंसं रेडिओ केंद्र आहे, तिथे बसून. गावोगावचे गाणारे-वाजवणारे बोलावते, ते समोर बसून थेट गातात, मी मधे मधे बडबडते. नवरा म्हणतो, सुमन, तुझ्या पोटात काही राहतच नाही. राहतं हो! एक गोष्ट सहा वर्षं राहिली आहे. त्याला सांगितली नाही, आईला नाही — आणि जिला सांगायला हवी होती तिला तर नाहीच नाही. आज तुम्हाला सांगते. जरा आडवळणानं सांगेन, चालेल ना? सरळ सांगायला अजून जीभ वळत नाही.

आधी आनंदाचं सांगते. कारण तो दिवस आनंदाचा होता, आणि हे मी स्वतःला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. आमच्या कार्यक्रमात इतका आनंद त्याआधी झाला नव्हता, नंतरही नाही.

आमच्याकडे कलगी-तुऱ्याची गाणी अजून गातात. कलगीवाले म्हणतात शक्ती, म्हणजे आई, मोठी, तुरेवाले म्हणतात शिव मोठा, आणि डफ-तुणतुण्यावर तास न् तास गोड भांडतात. एकानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं तिथल्या तिथे गाऊनच उत्तर द्यायचं. असे साधे सवाल चालूच असतात. पण एखादा वस्ताद गाणारा कलगी पणाला लावून सवाल टाकतो, तेव्हा सगळे सावरून बसतात. उत्तर आलं, तर सवाल टाकणाऱ्यानं डफावरची कलगी — तो रंगीत गोंडा — सोडून समोरच्याच्या हातात द्यायची. आणि ज्याची कलगी उतरली त्यानं पुढे फक्त उत्तरं द्यायची. सवाल टाकायचा नाही, कधीच. अशी आमच्याकडची रीत.

निंबर्ग्याच्या तुळसाक्काची कलगी कधी उतरली नव्हती. धनगराघरची बाई. लहानपणी बापामागे मेंढरं राखली, आता स्वतःच्या शेतात राबते. डफावर थाप पडली की साठी ओलांडलेली ही बाई बसल्या जागी दोन बोटं उंच व्हायची. तिच्यासमोर मी बोलावला चिटगुप्प्याचा बसवराज. घरचं कापडाचं दुकान, आजोबा नामांकित तुरेवाले, आणि हा पठ्ठ्या कलबुर्गीला कॉलेजात बँड काढून आजोबांच्या चाली गिटारवर वाजवणारा. डफ विरुद्ध गिटार! आठवडाभर मी रेडिओवर ओरडून ओरडून सांगत होते.

त्या रविवारी काय मजा आली म्हणून सांगू? आवाज घुमू नये म्हणून आम्ही भिंतींना जाड वाकळा टांगतो, आणि पंख्याची घरघर माइकमधे शिरते म्हणून पंखा बंद. सगळे घामानं निथळत होते आणि कुणाला त्याचं काही नव्हतं. तुळसाक्कानं पहिलीच ओळ अशी काढली की बसवराजनं गिटार मांडीवर ठेवून हात जोडले. मग त्यानं आजोबांची चाल उचलली आणि तुळसाक्का मान डोलवत त्याच्या गिटारवर डफाचा ठेका धरून बसली — विरुद्ध पक्षाची असून! फोन थांबेनात. चिटगुप्प्याच्या बाजारातून एकानं सांगितलं की न्हाव्याच्या दुकानात गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनं बसलंय, न्हावी वस्तरा धरून गाणं ऐकतोय. एक आजोबा दखनीत म्हणाले, अम्मा को बोलो, रुकना नक्को. कानडी, मराठी, दखनी — मी तिन्हींत हसत होते.

आणि मग तुळसाक्कानं कलगी पणाला लावली.

आता इथे थांबून चार दिवस मागे जायला हवं. थेट कार्यक्रम असला की मी आधी कलाकारांच्या घरी जाते. कोण काय गाणार, किती मिनिटं, पहिली ओळ कोणती, हे एका कागदावर लिहून घेते. फक्त पहिली ओळ. तेवढंच लागतं. त्या बुधवारी निंबर्ग्याला गेले तेव्हा तुळसाक्का भाकरी थापत होती. तिनं सांगितलं की तिनं नवा सवाल बांधलाय, पेरणीपासून काढणीपर्यंत डोक्यात घोळवून, खास रेडिओसाठी. मी म्हटलं, अक्का, मला सवालही लागेल, उत्तरही लागेल, केंद्राचा नियम आहे.

असा काही नियम नव्हता.

ती पिठाच्या हातानं जवळ सरकली आणि हळूच म्हणाली, “लिहू नको बग पोरी, कानात ठिव. घरात बी कुनाला ठावं न्हाई.” आणि सांगितलं. मला. एकटीला.

न्हवती आई, न्हवता बाप, न्हवती भुई, न्हवतं रान,
पहिला बोल निघाला तवा, ऐकाया कुनाचा व्हता कान?

काय सवाल आहे! आणि उत्तर त्याहून सुंदर. काळोख हीच पहिली आई. बोल तिच्या पोटात उमटला, आणि पोटातलं आईला ऐकू येतंच.

गुरुवारी मी बसवराजला फोन केला. तो घाबरलेलाच होता — अक्का, मला झेपंल का, एवढी मोठी बाई ती. आणि मी त्याला सांगितलं. सवाल सांगितला आणि उत्तरही सांगितलं.

सांगून टाकलं एकदाचं. पण अजून सगळं झालेलं नाही.

रविवारी तिनं सवाल टाकला. बसवराजनं डोळे मिटले, एक तार छेडली, थोडा वेळ घेतला आणि गायला लागला. चाल त्याची स्वतःची होती, आणि खरं सांगते, फार गोड होती. तुरेवाला पोरगा आईचा मोठेपणा गातोय! फोनवरचे लोक ओरडायला लागले. तुळसाक्काचा हात डफावर थांबला होता. मला वाटलं, कळलं तिला. आता उठेल आणि माझ्याकडे बघेल. तिनं बघितलं ते बसवराजकडे. आणि हसली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. मग उठली, डफावरची कलगी सोडली, त्याच्या हातात ठेवली आणि माइकसमोर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “माज्या मनातलं ह्या लेकरानं जसंच्या तसं वळकलं. अशा मानसाकडनं हरायला बी नशीब लागतंय.”

माइक माझ्यासमोर होता. लाल दिवा लागलेला होता. एक वाक्य बोलायचं होतं. मी काय केलं असेल? मी टाळ्या वाजवल्या.

जिन्यात बसवराजनं तिला कलगी परत द्यायचा प्रयत्न केला. त्याला वाटत होतं, रेडिओवर सगळं आधी ठरवूनच करतात. तुळसाक्कालाही सगळं माहीत असणार, कलगी देणं हा कार्यक्रमाचाच भाग असणार. तुळसाक्कानं त्याचा हात बाजूला सारला. “वापस कामून करायलास? खेळ हाय का ह्यो?” ती खाली उतरून गेल्यावर तो माझ्याकडे आला. चेहरा उतरलेला. म्हणाला, “अक्का, त्यांना बी ठावं व्हतं न्हवं?”

मी म्हटलं, व्हय.

दोन खोटी, एक फितुरी आणि एक मौन, एवढं माझ्या नावावर आहे. बसवराज यात कुठेच नाही. तो आजही समजतो की तिनं जाणूनबुजून कलगी दिली, ती तुळसाक्काची माया होती.

का केलं? बरीच वर्षं मी स्वतःला एक कारण देत आले. थेट कार्यक्रमात शांतता पडणं आम्हाला परवडत नाही. बसवराज अडकला असता, खोली गप्प पडली असती, लोकांनी रेडिओ बंद केला असता. किती शहाणं कारण आहे, नाही? मलाही पटायचं. पण शांतता टाळायला सवाल सांगून भागलं असतं. उत्तर कशाला सांगितलं?

कारण मला तिला हरलेलं बघायचं होतं.

सतरा वर्षांची असताना मी निंबर्ग्याला मामाकडे राहून तिच्यामागे हिंडत होते. तिच्या फडात मागे उभं राहून झील धरायची, तिच्या ओळीचा शेवट उचलायचा, एवढीच इच्छा. सहा महिने तिच्या डफाला ऊब दिली, चामडं ताणून ठेवलं. मग एकदा तिनं मला गायला लावलं, शांतपणे ऐकून घेतलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली की तुझा गळा बोलायचा आहे, गायचा नाही. बायका हसल्या. तीही हसली. त्यात खोट काही नव्हती, अगदी बरोबर बोलली होती. बोलूनच तर मी आज भाकरी खाते! पण ते हसणं माझ्यात वीस वर्षं टिकून होतं, आणि मला तिच्याकडे हसतमुखानं जाता येत होतं, तिच्या चुलीपुढे बसून भाकरी खाता येत होती. माणूस असा असतो का? मी अशी आहे.

आणि गंमत बघा. मला हवं ते मिळालंच नाही. हरल्यावर ती पडेल, गप्प होईल, तिचा तो उंचपणा जरा कमी होईल असं मला वाटलं होतं. ती तर फुलून गेली! गावोगाव सांगत सुटली की माझं मन ओळखणारा भेटला. बसवराजला दर जत्रेला जेवायला बोलावते. आता दोघं मिळून गातात, ती उत्तरं देते आणि तो सवाल टाकतो. त्यांचं गाणं ऐकायला तेलंगणातूनही लोक येतात. इतकं चांगलं गाणं आमच्या भागात दुसरं नाही. मी दरवेळी पहिल्या रांगेत बसून ऐकते आणि मलाही आनंद होतो. खराच होतो. त्याचं काय करावं मला समजत नाही.

गेल्या महिन्यात मी निंबर्ग्याला गेले होते, असंच. तुळसाक्का शेळ्यांना पाला टाकत होती आणि गुणगुणत होती. जवळ गेल्यावर कळलं, सवाल आहे. नवा, कधी न ऐकलेला. मी म्हटलं, अक्का, हा कधी बांधला? ती लाजली. म्हणाली, सवाल येतातच डोक्यात, त्यांना काय रीत माहीत? आतापर्यंत अकरा झालेत. माणसापुढे तर टाकता येत नाहीत. “मग ह्यांनाच टाकायलेय. आजून एकीनं बी सोडवला न्हाई,” आणि शेळीच्या पाठीवर थाप मारून पोट धरून हसली.

मीही हसले. तिच्याइतकंच मोठ्यानं हसले, पाला टाकायला मदत केली, चहा घेतला आणि घरी आले.

तुळसाक्काला त्या रविवारी कुणी हरवलं नव्हतं. गायलं गेलेलं उत्तर तिचंच होतं, तिनं विश्वासानं माझ्या कानात सांगितलेलं. तिचा सवाल आजवर कुणी सोडवलेला नाही. आमच्या भागातली सवाल टाकणारी सगळ्यांत मोठी बाई सहा वर्षं शेळ्यांना सवाल टाकते आहे, ते माझ्यामुळे.