महानगरच्या घरात टाकलेल्या अक्षता

सुरुवातीलाच सांगते, मी बँकेत ऑडिटला आहे. हातात कागद असल्याशिवाय माझा सख्ख्या नवऱ्यावरही विश्वास बसत नाही, मग भुताखेतांचं तर सोडाच. या ग्रुपवरचे भुतांचे अनुभव मी आजवर ऑफिसात डबा खाता खाता, हसत वाचले आहेत. ज्यांना ज्यांना हसले त्यांची आधी माफी मागते.

गेली दोन वर्षं मी रायबरेलीला एकटी होते. नवरा निखिल आणि आमची सात वर्षांची सई सांगलीला, सासूबाईंजवळ. यंदा माझी लखनौला बदली झाली आणि निखिललाही चिनहटच्या एका कारखान्यात नोकरी लागली. दोन वर्षांनी आम्ही तिघं एका छपराखाली येणार होतो. फक्त छप्पर मिळायचं होतं. तोवर मुक्काम बँकेच्या गेस्ट हाऊसमध्ये, एका खोलीत.

मी घरासाठी एक्सेल शीट केली होती. महानगर, विकास नगर, चिनहट... प्रत्येक एरियासमोर शाळा किती लांब, लाईट किती जाते, दवाखाना कुठे, सईला खेळायला जागा आहे का. "घर बघतेयस की ब्रँचचं इन्स्पेक्शन करतेयस?" असं निखिल चिडवायचा. चिडवू दे. दोन वर्षं मी माझ्या लेकीला फोनवर गोष्टी सांगून झोपवलं होतं. मला आता चूक करायची नव्हती.

त्या दिवशी शुक्रवार होता, आपल्या श्रावणातला. इकडचा सावन आपल्या पंधरा दिवस आधी सुरू होतो, त्यामुळे इथल्या लोकांचा तेव्हा संपतही आला होता. सकाळी सासूबाईंचा फोन आला. "जिवती लावायला यंदा तुला स्वतःची भिंत नाही गं. निदान पोरीच्या डोक्यावर अक्षता तरी टाक." ज्यांच्याकडे हे नसतं त्यांच्यासाठी सांगते. श्रावणात जिवतीचा छापील कागद भिंतीवर लावतात, आया दर शुक्रवारी तो पुजतात, मुलांना ओवाळतात आणि महिना संपला की त्याचं विसर्जन करतात. मी देवाधर्मातली नाही, पण हे एक करते. छोट्या डबीत कुंकवाच्या अक्षता घेऊन पर्समध्ये टाकल्या.

दुपारी साडेबाराला महानगरमध्ये, कपूरथला मार्केटच्या मागच्या गल्लीत घर बघायला गेलो. तळमजला, उंच छत, मागे पेरूचं झाड. घरमालक म्हणजे साठीचे, फार अदबीने बोलणारे गृहस्थ. निखिल प्रत्येक खोलीचा व्हिडिओ घेत होता, सई पेरूखाली पळाली होती, आणि मी आतल्या खोलीत गेले.

समोरच्या भिंतीवर जिवती होती.

जुना, पिवळा पडलेला कागद. खालच्या बाजूला हळदीची बोटं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! लखनौमध्ये, अनोळखी घरात, आपल्या माणसांची खूण. मी चप्पल काढली, नमस्कार केला, डबी उघडली आणि "माझ्या सईला सांभाळ" असं म्हणून चारी दिशांना अक्षता टाकल्या. लगेच वाटलं, दुसऱ्याच्या घरात कचरा नको, म्हणून वेचायला वाकले. फरशीवर एकही दाणा नव्हता. पांढरीशुभ्र फरशी, लाल दाणे, लपणार कुठे? तेवढ्यात सई आत आली आणि मी विषय सोडून दिला.

निघताना घरमालकांना विचारलं, "हमसे पहले कोई मराठी फ़ैमिली रहती थी यहाँ?"

"जी नहीं, बहनजी. बाप-दादों का मकान है, किराये पर पहली बार दे रहे हैं."

"फिर वो काग़ज़ दीवार पर?"

"कौन सा काग़ज़? पिछले हफ़्ते ही तो रंग-पुताई करवाई है."

मी पुन्हा आत गेले. भिंत कोरी होती. नुकत्या दिलेल्या रंगाचा वासही येत होता, जो मला आधी आलाच नव्हता. निखिलच्या व्हिडिओतही मी कोऱ्या भिंतीला हात जोडून उभी होते. "मला वाटलं घर आवडलं म्हणून वास्तुपुरुषाला नमस्कार करतेयस," निखिल म्हणाला. मी शीटमध्ये महानगरच्या ओळीवर काट मारली. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं ते कळेना, म्हणून "ओल" असं लिहून मग तेही पुसलं.

पुढच्या शुक्रवारी चिनहटला गेलो. नवी बिल्डिंग, सातवा मजला, स्विचबोर्डांवरचं प्लास्टिकही निघालेलं नव्हतं. ब्रोकरने आमच्यासमोर कुलूप उघडलं. सई माझा हात धरून आत आली आणि मी तिच्याकडे बघितलं तर तिच्या भांगात लाल अक्षता. पाच-सहा दाणे, कुंकू अजून ओलं. माझी डबी गेस्ट हाऊसमध्ये होती. सईला विचारलं, तर म्हणाली, "तूच टाकल्यास ना?"

मी तिथूनच सासूबाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "त्या घरात अक्षता पोरीच्या डोक्यावर टाकल्यास ना?"

"नाही. चारी दिशांना."

"अगं, पोर अंगणात असताना? मूल परगावी असलं तर दिशांना टाकतात. जवळ असलं तर डोक्यावर. तू त्या घरात उभी राहून पोर परगावी आहे म्हणालीस!"

हे वाचून तुम्ही म्हणाल, एवढी शिकलेली बाई आणि एवढं कळू नये? कळत होतं हो. पण रायबरेलीच्या खोलीत मी दोन श्रावण एकटीने काढले होते. दर शुक्रवारी खिडकीशी उभी राहून सांगलीच्या दिशेने, मग उरलेल्या तीन दिशांना. हाताला तेवढंच वळण पडलं होतं. लेक दहा पावलांवर पेरूखाली खेळत होती आणि माझ्या हाताला ते आठवलंच नाही. याचं मला अजून रडू येतं.

शेवटी विकास नगरचं घर घेतलं. शाळा जवळ, शेजार चांगला, शीटमध्ये सगळ्यात जास्त गुण. सांगलीहून मागवलेली जिवती श्रावणाच्या शेवटच्या शुक्रवारी मी स्वतःच्या हाताने भिंतीवर लावली. निरांजन लावलं, सईला पाटावर बसवलं, तबक उचललं.

सई म्हणाली, "झालं की आजचं, आई."

तिच्या कपाळावर कुंकू होतं आणि केसांत अक्षता. पाटावर बसवताना नव्हत्या, हे मी कुठल्याही कागदावर सही करून देईन.

"कोणी ओवाळलं तुला?"

"तिनं. घरातल्या."

"कुठल्या घरातल्या?"

"आपल्या," ती म्हणाली. वर मलाच वेड्यात काढल्यासारखी हसली. "मागं पेरू आहे ते. ती विचारते, घरी कधी येणार म्हणून."

मी तरीही ओवाळलं. हट्टाने मूठभर अक्षता तिच्या डोक्यावर टाकल्या. त्या घरंगळून खाली पडल्या. आधीच्या तशाच राहिल्या.

श्रावण संपला, जिवतीचं विसर्जन झालं, पण हे थांबलेलं नाही. दर शुक्रवारी दुपारी बाराच्या पुढे सईच्या केसांत ओल्या अक्षता येतात. तिला ताप नाही, भीती नाही, पोर मजेत आहे. एका शुक्रवारी मी रजा टाकून तिला मांडीवर घेऊन बसून पाहिलं, तरी आल्याच. निखिल आधी थट्टा करायचा. आता शुक्रवारी तो मुकाट्याने कंगवा आणून माझ्या हातात देतो. महानगरच्या त्या गल्लीत मी दोनदा जाऊन आले. घराला कुलूप असतं. दुसऱ्या खेपेला कुलपापाशी उभी होते, तर आतून निरांजनातल्या तुपाचा वास आला. मी हाक मारली, "सई माझी आहे हो."

मध्यंतरी निखिल एका लग्नासाठी सईला घेऊन सांगलीला गेला. मला वाटलं, दीड हजार किलोमीटरवर तरी सुटेल. शुक्रवारी दुपारी सासूबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "मी नाही टाकल्या गं."

मला याचा अर्थ लागलेला नाही. ती कोण आहे, तिचं मूल कुठे गेलं, मला काही माहीत नाही. एवढं मात्र कळतं की ती बाई माझ्या लेकीचं वाईट करत नाहीये. सईला परगावी गेलेली आपली लेक समजून ती अक्षता टाकतेय, जशा मी रायबरेलीहून टाकायचे. त्या पोचाव्यात म्हणून मी किती कळवळून टाकायचे, ते मला ठाऊक आहे. म्हणूनच माझी कोंडी झाली आहे.

बदलीचा अर्ज लिहून ठेवलाय, शीटही पुन्हा उघडलीय. पण ती अक्षता चारी दिशांना टाकते. त्या चार सोडून पाचव्या दिशेला कुणाच्या माहितीत एखादं घर असेल, तर कळवा.