लिंबाचं घड्याळ आणि हरवलेला सेल

रविवारी दुपारी माझी मुलगी स्वयंपाकघरात फरशीवर लिंबं घेऊन बसली होती. ती सहावीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तिला लिंबांवर घड्याळ चालवून दाखवायचं होतं. आतला रस सुटावा म्हणून मी लिंबं तळहाताखाली रगडून देत होते. प्रत्येक लिंबात एका बाजूला जस्त चढवलेला खिळा आणि दुसऱ्या बाजूला तांब्याची तार खुपसायची, मग एका लिंबाची तार पुढच्या लिंबाच्या खिळ्याला जोडायची. टेबलावरच्या छोट्या आकड्यांच्या घड्याळातला सेल तिनं काढून ठेवला आणि त्या जागी तारांची दोन टोकं टेकवली.

"मम्मी, आकडे आले!" ती ओरडली.

दीड वर्षाचा धाकटा आमच्या मधेच बसून लिंबाची फोड चोखत होता. त्यानं तोंड वाकडं करत टाळ्या वाजवल्या. आम्ही खूप हसलो.

आवरायला घेतलं आणि मुलगी म्हणाली, "सेल कुठं गेला?"

शर्टाच्या बटणाएवढा चपटा सेल. ओट्याखाली पाहिलं, पायपुसणं झटकलं, सालींचा ढीग उपसला. कुठंच नाही. मग आम्ही दोघींनी एकदमच धाकट्याकडे पाहिलं. त्याच्या हनुवटीवरून लाळ गळत होती. लिंबामुळे की कशामुळे, मला कळेना. मी त्याच्या तोंडात बोट फिरवलं. काहीच नव्हतं, आणि त्यामुळेच मला जास्त भीती वाटली.

आमचा आवाज ऐकून शेजारच्या काकू धावत आल्या. त्या नांदगावकडच्या. "केळं चार त्याला पोरी, लगीच निघून जाईल," त्या म्हणाल्या. मी केळं सोलायलाही घेतलं होतं. तेवढ्यात मुलाच्या डॉक्टरांचा फोन लागला.

"काही खायला-प्यायला देऊ नका. उलटी काढू नका," डॉक्टर म्हणाले. "अन्ननलिकेत अडकला असेल तर तासा-दोन तासांत आतून भाजतं. आत्ताच्या आत्ता एक्स-रे काढा."

नवरा अंबडच्या कंपनीत ड्यूटीवर होता, मोबाईल बाहेर लॉकरमध्ये. काकूंनी हॉस्पिटलला जायला रिक्षा थांबवली. मुलीनं घड्याळ उचलून घेतलं, कसला सेल होता ते दाखवता यावं म्हणून. मुंबई नाक्याच्या गर्दीत रिक्षा अडकली. धाकटा मांडीवर खुदूखुदू हसत माझं मंगळसूत्र ओढत होता आणि मी त्याचा प्रत्येक श्वास ऐकत होते. आतून भाजतं. दुसरं काही डोक्यात येतच नव्हतं. मुलगी हुंदके देत सारखी म्हणत होती, "मी इथंच ठेवला होता गं मम्मी, माझ्या शेजारीच." मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण त्याच्या पाठीवरचा हात काढायची हिंमत झाली नाही.

एक्स-रेच्या पडद्यावर त्याच्या इवल्याशा फासळ्या दिसल्या. त्यांच्या खाली एक पांढरा स्वच्छ गोल. मी टेबलाची कड धरली.

"बसा आधी," तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी घड्याळ उघडून सेलची जागा पाहिली, पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "अन्ननलिकेतून खाली उतरलाय. पोटात आहे, आणि लहान आहे. बहुतेक आपोआप पडेल. पण पोट दुखलं, उलटी झाली, शी काळी झाली, तर लगेच या."

त्या 'बहुतेक' या शब्दावर आम्ही पुढचे दोन दिवस काढले. तो जरा कण्हला तरी नवरा उठून बसायचा. प्रत्येक डायपर मी काडीनं उसकटून पाहत होते. मुलगी शाळेत गेली नाही. तो झोपला की त्याच्या पोटाला कान लावून बसायची.

मंगळवारी सकाळी सेल पडला. काळपट, डागाळलेला. मी बाथरूममधूनच नवऱ्याला हाक मारली, पण आवाज असा फुटला की बिचारा भलतंच समजून धावत आला. मुलगी दारात उभी होती. सेल पाहिला आणि ती मटकन खाली बसून रडायला लागली. यावेळी मी तिला घट्ट पोटाशी धरलं. ती किती थरथरत होती ते मला तेव्हा कळलं. ते दोन दिवस तिनं कसे काढले, हे कुणी विचारलंच नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा एकदा एक्स-रे काढून खात्री केली. घरी येऊन मी वरणभात कालवला. धाकट्यानं तो ताटाबाहेर सांडत, मजेत खाल्ला. माझा पहिला घास मात्र कितीतरी वेळ हातातच राहिला.