खळ्यातली माती

दारासमोरच्या खळ्यात यंदा वांगी लावणार म्हणून भावाला फोनवर सांगितलं, तर तो मुंबईहून ओरडलाच. "खळ्यात वांगी? मगे आमी इलव तर बसतलव खंय गो?"

"आदी येवा. बसाचा मगे बगूया," म्हटलं आणि फोन ठेवला.

पूर्वी दिवाळीच्या सुमाराला हे अंगण चोपून, शेणाने सारवून गुळगुळीत करायचे. भात इथेच झोडायचं, लग्नाचा मांडवही इथेच पडायचा. आता माझ्या एकटीसाठी कोण चोपत बसणार?

माती तपासून घ्यायची म्हणून आधी चौकशीला कणकवलीच्या माती परीक्षण केंद्रात गेले. तिथल्या बाईंनी नीट समजावलं, की ठिकठिकाणी वीतभर खणून माती काढा, एकत्र करा आणि त्यातली अर्धा किलो आणा. "उकिरड्याजवळची नको, झाडाखालची नको. येण्याजाण्याच्या वाटेवरची तर नकोच. पायांनी दाबलेल्या मातीवरून खताचा अंदाज चुकतो."

मनात म्हटलं, बाई, आमचं अख्खं खळं म्हणजे येण्याजाण्याचीच वाट.

दुसऱ्या दिवशी कुदळ घेऊन उतरले. गवत घोट्याला लागत होतं. जमीन दगडासारखी असणार म्हणून चांगला जोर लावला, तर कुदळ अलगद आत गेली. जिथे खणलं तिथे माती भुसभुशीत. कडक लागली ती एकच पट्टी, पायरीपासून तुळशीपर्यंतची. रोज सकाळ-संध्याकाळ मीच ती तुडवते.

बाईंनी सांगितल्याप्रमाणे तेवढी पट्टी सोडली. बाकी सगळ्या खळ्यातली माती घेतली.